तांब्याचं कडं, मॅग्नेटचं ब्रेसलेट आणि सांधेदुखी: घ्यायचं का, कसं ठरवायचं

थेट उत्तर आधी देते. तांब्याच्या कड्यानं किंवा मॅग्नेटच्या ब्रेसलेटनं सांधेदुखी कमी होते असा भरवशाचा पुरावा नाहीये, आणि कुणी तपासलंच नाही म्हणून पुरावा नाही असंही नाही, चांगल्या चाचण्या झाल्यात आणि त्यात खरं कडं घालणाऱ्यांना आणि नुसता साधा पट्टा घालणाऱ्यांना जवळपास सारखाच आराम पडलाय. आवडत असेल तर दागिना म्हणून खुशाल घाला. पण त्याच्या जिवावर गोळी बंद करू नका, डॉक्टरकडे जाणं लांबवू नका आणि त्यासाठी हजारो रुपये तर अजिबात मोजू नका. आता हे मी का म्हणतेय, घरी स्वतः कसं तपासायचं, घालायचंच असेल तर काय बघायचं आणि दुखण्यासाठी खरं काय करायचं ते सगळं सांगते.

पहिला प्रश्न सगळे हाच विचारतात की मग आमच्या आईला बरं कसं वाटलं. त्यांना बरं वाटलं हे खरंच आहे, त्यात खोटं काही नाही. पण कडं आपण कधी घेतो ते आठवून बघा. दुखणं अगदी कळस गाठतं, जिना चढवत नाही, रात्री कूस बदलता येत नाही, तेव्हा कुणीतरी सांगतं आणि आपण घेतो. गुडघ्याच्या झिजेचं दुखणं मुळात वरखाली होणारं आहे, काही आठवडे जास्त, काही आठवडे कमी, त्यामुळे सगळ्यात वाईट दिवसांत काहीही सुरू केलं तरी पुढच्या काही दिवसांत उतार पडण्याची शक्यता चांगलीच असते आणि श्रेय कड्याला जातं. चिकुनगुन्याचं तर हे अगदी ठरलेलंच, ताप जातो पण सांधे कित्येक महिने धरलेले राहतात, लोक कंटाळून तिसऱ्या-चौथ्या महिन्यात कडं घेतात आणि नेमकं त्याच सुमारास बऱ्याच जणांचं आपोआप सुटायला लागलेलं असतं. शिवाय आपल्यासाठी काहीतरी केलं जातंय, मुलानं पंढरपूरहून आठवणीनं आणलंय, या भावनेनंही दुखणं सुसह्य होतं. मनाचा हा परिणाम खरा असतो, फक्त तो तांब्याचा किंवा मॅग्नेटचा नसतो, एवढाच मुद्दा आहे.

मग मनाचा परिणाम आणि वस्तूचा खरा परिणाम वेगळा कसा काढायचा? सरळ मार्ग एकच, हातात खरी वस्तू आहे की नकली हे माणसाला कळू द्यायचं नाही. ही कल्पना जुनी आहे. मेस्मर नावाच्या डॉक्टरनं अठराव्या शतकात आधी लोहचुंबकानं आणि नंतर नुसत्या हातवाऱ्यांनी लोकांना बरं करायचा दावा केला, पॅरिसमध्ये रांगा लागल्या, शेवटी १७८४ मध्ये फ्रान्सच्या राजानं चौकशी समिती नेमली ज्यात अमेरिकेचे मुत्सद्दी-शास्त्रज्ञ बेंजामिन फ्रँकलिन आणि फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ लाव्हाझिए होते. त्यांनी रुग्णांच्या डोळ्यांवर पट्टी बांधली. उपचार चाललेत असं नुसतं सांगितलं की काहीही न करता परिणाम जाणवायचा, आणि न सांगता केलं तर काहीच नाही. निकाल तिथेच लागला.

कड्यांवरही असंच काम झालंय. इंग्लंडमधल्या यॉर्क विद्यापीठातल्या स्ट्युअर्ट रिचमंड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ मध्ये सांध्यांची झीज असलेल्या ४५ लोकांवरची चाचणी प्रसिद्ध केली, प्रत्येकाला आळीपाळीनं चार गोष्टी घालायला दिल्या, जोरदार मॅग्नेटचा पट्टा, कमजोर मॅग्नेटचा पट्टा, चुंबकत्व घालवलेला पट्टा आणि तांब्याचं कडं. एकूण १६ आठवडे. दुखण्यात, आखडण्यात, गोळ्या किती लागल्या त्यात, कशातच म्हणावा असा फरक नाही. मग २०१३ मध्ये त्याच मंडळींनी आमवात म्हणजे रूमॅटॉइड आर्थरायटिस असलेल्या ७० लोकांवर तेच केलं, यावेळी रक्त तपासून सूजही मोजली. तिथेही काही नाही. अमेरिकेत मेयो क्लिनिकवाल्यांनी २००२ मध्ये 'आयोनाइज्ड' ब्रेसलेट ६१० लोकांवर तपासलं, अर्ध्यांना खरं, अर्ध्यांना नकली, चार आठवडे. दोन्ही गटांचं दुखणं कमी झालं! पण सारखंच कमी झालं. हे मला फार महत्त्वाचं वाटतं, कारण नकलीवाल्यांनीही शेजाऱ्यांना सांगितलंच असणार की अहो फरक पडला.

प्रामाणिकपणे दुसरी बाजूही सांगायला हवी. २००४ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये १९४ लोकांची एक चाचणी आली, गुडघा आणि खुब्याच्या झिजेची, त्यात १२ आठवड्यांनी जोरदार मॅग्नेटवाल्यांना नकली पट्टावाल्यांपेक्षा थोडा जास्त आराम दिसला. विकणारे कायम हीच चाचणी दाखवतात. पण अडचण अशी की खरं मॅग्नेट असलं की ते किल्ल्यांना, चमच्याला चिकटतं, म्हणजे आपल्याकडे खरं आहे हे माणसाला कळतं आणि सगळी लपवाछपवी वाया जाते, आणि ते लिहिणाऱ्या संशोधकांनीच म्हटलं होतं की हा मॅग्नेटचा गुण की मनाचा परिणाम हे सांगता येत नाही. नंतर २००७ मध्ये अशा बऱ्याच चाचण्या एकत्र करून बघितल्या तेव्हा दुखण्यासाठी मॅग्नेट वापरावं असं काही निघालं नाही.

आता घरी करून बघण्यासारखं. मॅग्नेटचं ब्रेसलेट घ्या, टेबलावर एक टाचणी ठेवा, शेजारी शाळेची पट्टी ठेवा. ब्रेसलेट टाचणीकडे हळूहळू सरकवा. अगदी जवळ आलं की टाचणी टुणकन उडी मारून चिकटते, ते अंतर पट्टीवर बघून घ्या. मग टाचणी आणि ब्रेसलेटच्या मध्ये एक पासबुक धरा, मग एक वही, मग एक जाडजूड पुस्तक. जाडी वाढली की टाचणी जागची हलत नाही. मॅग्नेटचा जोर अंतराबरोबर फार झपाट्यानं कमी होतो म्हणून असं होतं. आता तुमचं मनगट आणि तुमचा गुडघा यांच्यात किती अंतर आहे बघा. पुस्तकापलीकडच्या टाचणीला जे जाणवत नाही ते मनगटावरून गुडघ्याला कसं जाणवणार?

यावर विकणारा म्हणेल की मॅग्नेट रक्तातल्या लोहावर काम करतं आणि रक्त सगळीकडे फिरतं. रक्तात लोह आहे हे बरोबर, पण ते हिमोग्लोबिनमध्ये बांधलेलं असतं, खिळ्यातल्या लोखंडासारखं मॅग्नेटला ओढलं जात नाही. मॅग्नेटचा जोर टेस्ला किंवा गॉसमध्ये मोजतात. एमआरआयचं मशीन दीड किंवा तीन टेस्लाचं असतं, जोरदार म्हणवणारं ब्रेसलेट अगदी चिकटून मोजलं तरी ०.२ टेस्लाच्या आसपास. खोक्यावर '२००० गॉस' असं मोठ्ठं छापलेलं असतं तेही हेच, दहा हजार गॉस म्हणजे एक टेस्ला. रक्तातलं लोह जर मॅग्नेटनं खेचलं जात असतं तर एमआरआयमध्ये अर्धा तास झोपणाऱ्या माणसाचं काय झालं असतं!

तांब्याचा दावा वेगळा आहे, की कडं घासून तांबं कातडीतून अंगात जातं आणि कमतरता भरून निघते. मनगटावर जो हिरवट डाग पडतो तो पुरावा म्हणून दाखवतात. तो डाग म्हणजे घामातलं मीठ आणि आम्ल तांब्याला लागून तयार झालेले क्षार, साबणानं धुतलं की जातात. शरीराला तांबं लागतं खरं, पण रोज एक-दोन मिलिग्रॅम, आणि ते तीळ, शेंगदाणे, काजू, डाळी यातून मिळतं, ज्याच्या जेवणात भाकरी-आमटी-शेंगदाण्याची चटणी आहे त्याला सहसा कमी पडत नाही. आणि सांधे तांबं कमी पडलं म्हणून दुखत नसतात, उलट आमवाताच्या बऱ्याच रुग्णांच्या रक्तात तांब्याचं प्रमाण जास्तच सापडतं. तांब्याच्या तांब्यातलं पाणी हा पूर्ण वेगळा विषय आहे, तो इथे नको, एवढंच सांगते की लिंबूपाणी किंवा ताक तांब्याच्या भांड्यात ठेवू नका.

तरीही तुम्हाला किंवा घरच्यांना स्वतः अनुभव घेऊन बघायचाच असेल तर घ्या, फक्त नीट पद्धतीनं घ्या, म्हणजे नंतर वाद राहत नाही. एक वही करा. रोज रात्री झोपताना तीन गोष्टी लिहायच्या: आज दुखणं शून्य ते दहापैकी किती, सकाळी उठल्यावर सांधे किती मिनिटं आखडलेले होते, आणि दुखण्याची गोळी किती वेळा घेतली. बाकी निबंध नको. मग दोन आठवडे कडं घालून, दोन आठवडे काढून, परत दोन घालून, दोन काढून. सुरुवात घालून करायची की काढून हे नाणं उडवून ठरवा, कारण नाहीतर आपण नेमकं जास्त दुखत असतानाच घालतो आणि परत तोच घोळ होतो. या दोन महिन्यांत नवं तेल, नवा काढा, नवा व्यायाम असलं काही स्वतःहून मध्येच सुरू करू नका आणि डॉक्टरांची औषधं मात्र आहेत तशी चालू ठेवा. मधल्या काळात वही मागे उलटून बघायची नाही, शेवटी घरातल्या दुसऱ्या कुणाला तरी बेरीज करायला द्या.

मॅग्नेटच्या बाबतीत याहून चांगलं करता येतं. कटलरीच्या दुकानातून तेवढ्याच वजनाचं साधं, मॅग्नेट नसलेलं ब्रेसलेट आणा, दोन्ही वेगवेगळ्या जाड कापडी पट्ट्यांत शिवून टाका आणि हे काम दुखणाऱ्या माणसाला नाही तर सुनेला नाहीतर नातवाला करू द्या, कुठल्या पट्टीत काय आहे ते त्यानं एका चिठ्ठीवर लिहून डब्यात ठेवायचं. घालणाऱ्यानं पट्टी किल्ल्यांजवळ, फ्रिजजवळ नेऊन बघायची नाही असं आधीच कबूल करून घ्या. वही तशीच लिहायची, दोन-दोन आठवडे पट्ट्या आळीपाळीनं घालायच्या आणि दोन महिन्यांनी चिठ्ठी उघडा. शाळेत जाणारी मुलं घरात असतील तर त्यांना हे करायला द्याच, विज्ञानाच्या पुस्तकापेक्षा जास्त शिकतील.

वापरताना काळजी कुठे घ्यायची ते आता, आणि हा भाग कृपा करून सोडू नका. ज्यांना पेसमेकर बसवलाय किंवा छातीत आयसीडी (ठोके धोकादायक बिघडले की झटका देणारं यंत्र) आहे त्यांनी मॅग्नेटचं ब्रेसलेट घालू नये. पेसमेकरजवळ जोरदार मॅग्नेट आलं की तो नेहमीचं काम सोडून ठरावीक वेगानं ठोके द्यायला लागतो आणि आयसीडी गरजेच्या वेळी द्यायचा झटकाच थांबवू शकतो. मॅग्नेट त्यापासून निदान १५ सेंटिमीटर लांब हवं, आणि हाताची घडी घालून बसलं किंवा हात छातीवर ठेवून झोपलं की मनगट बरोबर तिथेच येतं. इन्शुलिन पंप, ऐकू येण्यासाठी कानात बसवलेलं कॉक्लिअर इम्प्लांट असेल तरी आधी डॉक्टरांना विचारा. एमआरआयला जाताना तर कुठलंही कडं-ब्रेसलेट काढूनच ठेवायचं. आणि लहान मुलं असलेल्या घरात ब्रेसलेटचे छोटे मॅग्नेट सुटून पडत नाहीत ना हे अधूनमधून तपासा. मुलानं असे दोन मॅग्नेट गिळले तर ते आतड्याच्या दोन बाजूंनी एकमेकांना चिकटतात आणि मधलं आतडं चिमटून भोक पडतं. असं झाल्याची शंका जरी आली तरी केळं खायला देऊन वाट बघत बसू नका, लगेच हॉस्पिटल.

तांब्याच्या कड्याला एवढा धोका नाही. वायरमन मंडळींनी काम करताना काढून ठेवावं, पिठाच्या गिरणीत किंवा पट्टा फिरणाऱ्या मशीनवर काम असेल तरी तेच. हाताला सूज येत असेल तर घट्ट कडं घालू नका, सूज वाढली की निघत नाही आणि कापावं लागतं. खाज सुटली, पुरळ आलं तर त्यात निकेल मिसळलेलं असू शकतं, काढून टाका. कडं काळं पडलं तर लिंबू-मीठ, चिंच, कोकणातल्यांसाठी आमसूल, नाहीतर पितांबरी, पाच मिनिटांत लखलखीत. घेताना लोहचुंबक लावून बघा, तांब्याला ते चिकटत नाही, चिकटलं तर आत लोखंड आणि वर नुसता मुलामा. पुण्यात असाल तर कसब्यातल्या तांबट आळीत जाऊन हातानं ठोकलेलं तांब्याचं काम बघा, तिथली कारागिरी मला मनापासून आवडते आणि चांगल्या वस्तूचे पैसे वस्तू म्हणून द्यायला माझी काहीच हरकत नाही.

माझा जीव तुटतो तो एका गोष्टीसाठी. आमच्या नात्यातल्या एका मामींना आमवात आहे, आठवड्यातून एकदा घ्यायची गोळी चालू होती, कुणीतरी महागडं ब्रेसलेट गळ्यात मारलं आणि आता औषधांची गरज नाही असं सांगितलं, त्यांनी ऐकलं. पहिले काही आठवडे बरं वाटलं. नंतर बोटांचे सांधे सुजले, पोळी लाटताना लाटणं धरवेना, परत औषध सुरू केल्यावर सूज उतरली पण दोन बोटं वाकडी झाली ती झालीच. आमवातात शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच सांध्यांवर उलटते, आणि हाडाचं एकदा झालेलं नुकसान भरून येत नाही. म्हणून मेथोट्रेक्सेटसारखी औषधं वेळेत सुरू करून, रक्ततपासण्या करत, चालू ठेवावी लागतात. आणि हो, ही गोळी आठवड्यातून एकदाच असते, चुकून रोज घेतली तर जिवावर बेतू शकतं, तेव्हा घरात कुणाला चालू असेल तर कॅलेंडरवर वार ठरवून खूण करा.

आपल्याकडे सगळ्यालाच वात म्हणून टाकतात, त्यामुळे आपलं दुखणं नक्की कुठलं हे आधी समजून घ्या. वय पन्नाशीच्या पुढे, जिना उतरताना, मांडी घालून उठताना गुडघा दुखतो, सकाळी थोडा वेळ आखडतो आणि हालचाल केली की सुटतो, असं असेल तर बहुतेक झीज. दोन्ही हातांचे छोटे सांधे, मनगटं सुजतात आणि सकाळी अर्धा-एक तास मूठच वळत नाही, हे सहा आठवड्यांपेक्षा जास्त चाललंय, तर आमवाताची शंका, रूमॅटॉलॉजिस्टकडे म्हणजे अशा सांध्यांच्या आजारांच्या तज्ज्ञ डॉक्टरकडे जा. अचानक रात्रीत पायाचा अंगठा लालभडक, चादरही लागू देत नाही, तर युरिक ॲसिडचा त्रास असू शकतो. एकच सांधा गरम, सुजलेला आणि अंगात ताप असेल तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा, सांध्यात पू झालेला असू शकतो. बोटांना रात्री मुंग्या येत असतील तर मनगटात नस दबलेली असू शकते, त्याला कड्याऐवजी तपासणी हवी. आणि चालताना-चढताना डावा हात, जबडा, छाती भरून येत असेल तर ते हृदयाचं असू शकतं, सांध्याचं समजून कडं शोधत बसू नका, लगेच हॉस्पिटल गाठा.

झिजेच्या गुडघ्याला खरंच उपयोगी पडतं ते फुकटात आहे, फक्त रोज करावं लागतं. पलंगावर पाय लांब करून बसा, गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवा, गुडघ्यानं ती खाली दाबा, मांडीचा पुढचा स्नायू दगडासारखा घट्ट झालेला हाताला लागला पाहिजे, पाच आकडे मोजेपर्यंत धरा, सोडा. दहा वेळा, दोन्ही पाय, सकाळ-संध्याकाळ. मग खुर्चीवर बसून पाय हळूहळू सरळ करायचा, धरायचा, हळूच खाली. हा स्नायू मजबूत झाला की सांध्यावरचा ताण कमी होतो, साधारण दीड-दोन महिने धीर धरा. फिजिओथेरपिस्टकडून एकदा शिकून घेतलंत तर उत्तम. वजन जास्त असेल तर एक किलो कमी केलं की प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार चारेक किलोनं कमी होतो, म्हणजे पाच किलो उतरवले तर केवढा फरक बघा. जमिनीवर बसणं-उठणं कमी करा, कमोड बसवून घ्या, शेक घ्या, डायक्लोफेनॅकचं जेल गुडघ्याला लावून बघा. दुखण्याच्या पोटात घ्यायच्या गोळ्या मात्र मेडिकलवाल्याला विचारून महिनोन्महिने घेऊ नका, बीपी, किडनी, ॲसिडिटी किंवा रक्त पातळ करायची गोळी असेल तर विशेषच. आणि बिनालेबलची 'वातावरची पुडी' जी एका दिवसात आराम देते ती तर नकोच, अशा पुड्यांमध्ये स्टेरॉइड मिसळलेलं सापडलंय.

घरातली मोठी माणसं कडं काढायला तयार नसतील तर भांडू नका. "आई, कडं राहू दे हातात, पण गोळी सोडायची नाही आणि रोज माझ्यासमोर पाच मिनिटं व्यायाम करायचा," एवढं कबूल करून घ्या. कड्यावरून त्यांना वेड्यात काढलंत तर पुढच्या वेळी काय घेतलं ते तुम्हाला सांगणारच नाहीत, आणि ते जास्त धोक्याचं.

विकणारे घरी येतात, सोसायटीच्या हॉलमध्ये मीटिंग घेतात, तेव्हा तीन प्रश्न विचारा. नकली पट्टा घातलेल्यांशी तुलना करून हेच ब्रेसलेट कुठे तपासलंय? उपयोग नाही झाला तर पैसे परत मिळतील असं पावतीवर लिहून द्याल का? पेसमेकरवाल्यांनी काय करायचं? उत्तरात नुसते लोकांचे अनुभव आणि व्हिडिओ आले तर हात जोडून मोकळे व्हा. १९५४ चा औषधे आणि जादूटोणा उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) कायदा अजून लागू आहे, त्यात ठरावीक आजार बरे करण्याची जाहिरात करायला मनाई आहे आणि त्या यादीत संधिवातही आहे, शिवाय चमत्कारी गुणांचा दावा करून ताईत-कवच विकण्याच्या जाहिरातीही त्यात येतात. फसवणूक झाली असेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर फोन करा, त्याआधी पावती, जाहिरातीचा फोटो आणि व्हॉट्सॲपवरचा दावा जपून ठेवा, तो मेसेज नंतर डिलीट होतो म्हणून स्क्रीनशॉट लगेच काढा.